विमलाचा दगड

जामसंडे,
ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८८४

सत्यवान,

घरातली गोष्ट उघड्या कार्डावर लिहितात काय रे? पाकिटाला जीव जड झाला म्हणून आईची अब्रू बाळा पोस्टमनच्या पिशवीत टाकलीस. बाळाने कार्ड चढणीवर वाचलं, वाण्याच्या दुकानात सांगितलं, आणि माझ्या हातात पडायच्या आधी तुझी काकी यशोदा तोंडभर हसत दारात हजर. "वयनी, विमलाचां जमलां म्हणे! भातगिरणीवाल्यांचो झील!" मी म्हटलं, माझ्या घरची बातमी तू मला सांगतेस, तर आता माझ्या चुलीवर काय शिजतंय तेही सांग. तर तेही तिला ठाऊक होतं. कुळथाची पिठी.

आता आशीर्वाद. तुला, सूनबाई सुशीलेला आणि धाकट्यांना. इकडे सगळे जिवंत आहेत. छपराचे नळे, कौलं, पाऊस लागायच्या आधी परतून घेतले, गाय व्यायली, पाडा झाला. गुडघा दुखतो. दुखू दे.

अक्षर वाकडं दिसेल. आजवर माझी पत्रं कधी मास्तर लिहायचे, कधी तुझी लेक सुट्टीत आली की विमला. तिचा हात सध्या रिकामा नाही, म्हणून स्वतः बसले. तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी. पत्रात शाळेची मराठी लिहायची, एवढं मास्तरांनी मारून शिकवलं, तेवढं राहिलंय. वेलांट्या चुकतील. मजकूर चुकणार नाही.

तू लिहितोस, मुलाचा बाप वैभववाडीहून गणपतीत येईल, सुपारी फुटेल, तोवर विमलाला रांधायला शिकव आणि तो दगडाचा खुळेपणा समुद्रात नेऊन टाक. रांधायचं नंतर बघू. दगड मी टाकणार नाही. का ते विसरला असशील तर सांगते, कारण तुझी आठवण मुंबईला गेल्यापासून सोयीची झालीय.

वैशाखात तू रजेवर आला होतास. विमला कॉलेजचं पहिलं वर्ष पास होऊन तुझ्यासोबत आली. आल्या आल्या बाबलीच्या होडीतून खडकांकडे गेली आणि ओहोटीला घमेल्यातून हा दगड घेऊन आली. तू पडवीत आंबा चोखत बसला होतास. म्हणालास, कॉलेज पुरे, आता लग्न. ती म्हणाली, मला समुद्रातले जीव शिकायचे आहेत, हासुद्धा जीवच आहे. तू हसलास. मी होते, यशोदा होती, बाबली होडीचे पैसे घ्यायला उभा होता. तू आपल्या बोलीत बोललास, मी शब्दाला शब्द लिहिते: "ह्यो धोंडो गणपतीपर्यंत जितो ठेवन दाखय. रवलो तर जा खंय शिकाक जातंस थंय. मेलो तर मी सांगतंय थंय माळ घालूची."

पोरीने विचारलं, "नक्की, बाबा?"

तू म्हणालास, "माजो शब्द."

तुला वाटलं, धोंडाच तो, आठवड्यात कुजेल. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तो जगलाय. गावच्या सुताराने फणसाच्या चौकटीत खिडकीच्या काचा बसवून, सांध्यांत होडीला लावतात ती राळ भरून पेटी करून दिली. ती मागच्या पडवीत आहे, जिथे उजेड येतो पण ऊन येत नाही. तळाला रेती, वर खारं पाणी, मधे तो. नारळाच्या करवंटीएवढा, रंगाने शेवाळी, अंगावर सगळी बारीक बारीक तोंडं. दिवसा गप्प असतो. दिवेलागणीला एकेका तोंडातून मुगाला मोड यावे तसे धागे बाहेर येतात आणि पाण्यात काहीतरी चाचपडतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शिवी दिली. दुसऱ्यांदा पाट घेऊन बसले.

त्याला सुका जवळा वाटून त्याचं पाणी लागतं, तेही चिमटीभर. तेलाचा हात चालत नाही. साबण चालत नाही. पाण्याला हवा लागते म्हणून सकाळ-संध्याकाळ भांड्याने उचलून वरून ओतायचं, चहा निववतात तसं. तुला वाढवताना एवढे नियम नव्हते.

तर शब्द दिलायस, तो पाळ. तुझा बाप शब्द कमी द्यायचा, म्हणून त्याला पाळायला कधी जड गेलं नाही. तू फुकटचा दिलास. गिरणीवाल्यांना लिही की गणपतीपर्यंत तोंड बंद ठेवा.

आणि उत्तर पाकिटातून.

तुझी आई,
सुभद्रा


जामसंडे,
आषाढ वद्य तृतीया

चि. सत्यवानास,

आशीर्वाद. पाकीट मिळालं. चांगलं चिकटवलं होतंस. बाळाने दिव्याला धरून बघितलं तरी काही दिसलं नाही म्हणाला, वर मलाच विचारतो, "काकी, काय लिवल्यान?" म्हटलं, तुका नमस्कार लिवलो.

तू लिहितोस, ते मी थट्टेत बोललो. थट्टेत दोन्हीकडचे हसतात. विमला हसली नव्हती, ती पेटीसाठी काचा शोधायला गेली होती. आणि लिहितोस, आईने एवढ्याशा गोष्टीत हट्ट धरू नये. एवढीशी गोष्ट असेल तर तू सोड.

इथे पाऊस म्हणजे आभाळ फाटलंय. खाडीचं तोंड तांबडं झालंय. आता किनाऱ्यावरचं पाणी खारं म्हणवत नाही, नदीचं गोडं पाणी वरून पसरतं आणि चिखल घेऊन येतं. ते पेटीत घातलं तर दगड संपला. हे विमलाला आधीच ठाऊक होतं. म्हणून तिने पाऊस लागायच्या आधी बाबलीकडून होडीने लांबचं स्वच्छ पाणी आणवलं आणि घरात होती नव्हती तेवढी मडकी भरून, तोंडाला फडकं बांधून ठेवली. पडवीत पिण्याचे हंडे एका बाजूला, समुद्र एका बाजूला. रोज पेटीतलं थोडं पाणी काढायचं, मडक्यातलं तेवढंच घालायचं.

एक गोष्ट मात्र मी माझ्या जिभेवर शिकले. पेटीतलं पाणी हवेने आटतं, पण मीठ आटत नाही, ते मागे राहतं. म्हणजे रोज खारंच घालत गेलं तर लोणच्याचा खार होतो. तर आटलं असेल तेवढं विहिरीचं भांडंभर घालावं लागतं. भांडं की अर्धं भांडं, हे मी थेंब जिभेवर ठेवून ठरवते. यशोदा येता-जाता बघते आणि म्हणते, "वयनी, धोंड्याचां लोणचां घालतंस काय गो?" म्हटलं, मुरल्यावर तुका वाढतंय.

आता गिरणीवाल्यांचं.

तू त्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं नाहीस. परवा भर पावसात मुलाचा बाप आणि मामा दारात. देवगडला कामाला आले होते, म्हणाले, वाटेवर घर म्हणून वळलो. पुढच्या पडवीत पाऊस आत येतो, म्हणून छत्र्या निथळत मागच्या पडवीत बसले. माणसं वाईट नाहीत. बाप तर बोलतच नाही, मिशा पुसतो. मामा मात्र बापाच्याही वाटणीचं बोलतो.

मामाने पेटी बघितली. "ह्यां काय ओ? देव?"

"धोंडो."

"पाण्यात कित्याक?"

"भायर काढलो तर मरता."

तो वाकून बघू लागला. मग हळूच, "पोवळां म्हणतत तां ह्यांच काय ओ? मंगळाक अंगठीत घालतत तां? चेडवाच्या पत्रिकेत मंगळ आसा काय?"

मी म्हटलं, "मंगळ पत्रिकेत नाय, घरात आसा. तुमच्या म्होरे बसलो हा, लुगडां नेसान."

बाप पहिल्यांदा हसला. मामा हसला नाही. म्हणाला, "चेडू खंय आसा? बघूक गावलां असतां तर..."

"शिकता."

"रांधूक?"

"भूक लागली की तांय येतलां."

"मगे गावतलां कधी?"

"शिकान झालां की."

चहा पिऊन गेले. जाताना मामाने अंगणात मागे वळून दोनदा बघितलं. तो तुला लिहिणार. लिहायच्या आधी मीच लिहिते, म्हणजे माझ्याकडून कळलं असं राहील.

विमला इथे नाही.

ज्येष्ठाची पौर्णिमा झाली आणि मी तिला एसटीत बसवून दिली. कोल्हापूरला माझ्या बहिणीची शेवंती इस्पितळात नर्स आहे, तिच्याकडे राहते. तिथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला नाव घातलंय. पालक कोण म्हणून विचारलं तर तिने माझं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, शिक्षण किती, तर म्हणे तिसरी. साहेब हसला आणि नाव लिहून घेतलं. बघ, लोक हसले तरी काम होतं.

गाडी वैभववाडीवरून जाते. तुझ्या व्याह्यांच्या गिरणीसमोरच थांबली, असं तिने लिहिलंय. ती खाली उतरून भजी खाऊन परत बसली.

माझं पहिलं पत्र काढून बघ. त्यात एक अक्षर खोटं नाही. तिचा हात रिकामा नाही म्हटलं, तर तो नाहीच, वह्या लिहून दुखतो म्हणते. दगड जगलाय म्हटलं, तर जगलाय. तो कोण जगवतंय हे तू विचारलं नव्हतंस.

तू म्हणशील, गणपतीपर्यंत थांबायचं ठरलं होतं. कॉलेज गणपतीची वाट बघत नाही. तेव्हा ती तिच्या कामाला गेली आणि दगड माझ्याकडे आला. जाताना तिने मला सगळं दाखवलं, पोर सासरी जाताना गाईचं सांगते तसं. मी म्हटलं, जा गो, मी पाच बाळंतपणं केली, हा तर रडत पण नाही. गाडी सुटल्यावर मी घरी येऊन आधी पाणी चाखलं.

तर आता उघडउघड सांगते. पैज आहे तशी आहे. दगड गणपतीला जिता असला तर तू विमलाचं शिक्षण थांबवायचं नाहीस, गिरणीवाल्यांना तूच नाही म्हणायचं, आणि तिला घरी यायला तोंड ठेवायचं. पुरुषाने पडवीत बसून चार माणसांत बोललेला शब्द म्हणजे काय आंब्याची साल आहे, चोखून टाकायला?

ये आणि बघ.

तुझी आई,
सुभद्रा


जामसंडे,
श्रावण वद्य अष्टमी

चि. सत्यवान,

तुला आणि सर्वांना आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही. तुझी अक्षरं रागाने कागद फाडून पलीकडे गेली होती, पण शेवटी तू माणसासारखं लिहिलंस: "ठीक आहे. मी शब्द दिला होता. गणपतीला येतो आणि दगड बघतो. जिता असेल तर विमला कोल्हापुरात राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही. मेला असेल तर परतीच्या वाटेवर कोल्हापुरास उतरेन आणि तिला घेऊन येईन. मग तूही मधे पडायचं नाहीस." वाचून मला बरं वाटलं. वाटलं, अजून थोडा बापावर गेलाय.

उत्तराला उशीर का, ते सांगते. माझ्या क्रमाने सांगते, मधे उठू नकोस.

गणपतीची माती आणली. गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान बाबली आणणार आहे. खालच्या वाडीतला तुझा चुलत काका गणपत नागपंचमीच्या आधी गेला, ते तुला त्यांच्याकडून कळलं असेलच. म्हातारा बरा होता, बऱ्या वेळी गेला. आपल्याला सुतक. बाराव्याला मी सकाळीच त्यांच्याकडे गेले, बायका कमी होत्या, वडे-सागोतीचं नव्हे पण भाताचं मोठं रांधप होतं. सुतक फिटलं की काय करतात ते तुला माहीत आहे. घरात साठवलेलं पाणी ओतायचं, भांडी घासायची, सारवायचं, गोमूत्र शिंपडायचं. यशोदा न्हाऊन मोकळी झाली होती. मी उंबऱ्यातून तिला सांगितलं, "घर शुद्ध करून ठेय. सगळां पाणी वत गो."

सगळां. माझ्याच तोंडाने.

दिवेलागणीला परत आले. घर लखलखत होतं. यशोदा कामाला वाघीण आहे, ते मी तिच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. पडवीत समुद्राची मडकी पालथी घातलेली, धुतलेली. पेटीच्या काचा राखेने घासलेल्या, आरपार दिसत होतं. आत पाणी इतकं नितळ की पाणी आहे हेच कळेना. दगडाच्या डोक्यावर एक जास्वंदीचं फूल.

मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं.

यशोदा मागे उभी, शाबासकीची वाट बघत. म्हणाली, "सुतकाचां पाणी देवाच्या शेजारी कसां ठेवचां? वतून टाकलंय. विहिरीचां ताजां घातलंय. तू भांड्यान घालतंस, मियां घागरीन घातलंय."

तिने माझा शब्द पाळला होता.

फूल काढलं. दगडाला हात लावला तर अंगभर बुळबुळीत. कळशी घेऊन तशीच खडकांकडे निघाले. वाटेत बाबली भेटला, तो मागून ओरडत, "काकी, खुळावलंस काय? लाट व्हरान नेतली!" म्हटलं, नेल्यान तर खारां पाणी तरी गावतलां. शेवटी त्याने माझ्या हातातली कळशी ओढून घेतली आणि स्वतः खाली उतरला, मी वर उभी राहून शिव्या देत होते, समुद्राला की यशोदेला ते आठवत नाही. पाणी आणलं ते गढूळ आणि अर्धगोडं. फडक्याने गाळलं, जाडं मीठ घातलं, चाखलं, पुन्हा घातलं. दगड त्यात ठेवला आणि पाट घेऊन बसले.

त्या संध्याकाळी एकही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंग सुटायला लागला. मग कड पांढरी, मग पाठ. एका बाजूला चार बोटं जागा शेवाळी राहिली होती, मी म्हटलं, एवढा तर जगेल, जिता म्हणजे किती जिता ते सत्यवान बोलला नव्हता. रोज जवळ्याचं पाणी दाखवलं. आजाऱ्याला पेज दाखवतात तसं. मग वास यायला लागला. आता तो पांढराफटक आहे, चुन्यासारखा. मागच्या अंगणात ठेवलाय, माश्या बसतात.

दगड मेला, सत्यवान.

यशोदा तेव्हापासून माझ्या दारात येत नव्हती. मग एकदा आली ती पदराने नाक पुसत, बाबलीला घेऊन. नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या. बाबलीच्या हातात बादली, बादलीत दगड. तसाच. करवंटीएवढा, शेवाळी. म्हणाला, "काकी, बघ, त्येचो सख्खो भाव." यशोदा म्हणाली, "वयनी, ठेय पेटीत. सत्यवानाक काय कळता? तो गोदीत कारकून, तो काय धोंड्याचां तोंड वळखतलो?"

खरं होतं. तुला कळलं नसतं. तू पडवीत उभा राहून बघितलं असतंस, संध्याकाळी त्याचे धागे बाहेर आले असते, आणि शब्द तुझ्या गळ्यात पडला असता. मी बादलीकडे बराच वेळ बघितलं. मी काही देवी नाही, मला मोह झाला. पण विमलाला कळलं असतं. ती पोर ह्याची तोंडं ओळखत होती, कुठलं आधी उघडतं ते सांगायची. तुझ्यासमोर खोटं बोलायला मला काही वाटलं नसतं. तिच्यासमोर वाटलं असतं. मी बाबलीला म्हटलं, "जंय गावलो थंय नेऊन ठेय. आणि उलटो ठेव नको." तो मला वेडी म्हणत गेला. यशोदेला मी पिठी वाढली, ती रडत रडत दोनदा मागून जेवली.

मग मी विमलाला लिहिलं. वाटलं, पोर कोसळेल. वाटलं, आता लिहील, आजी, तू माझं घर बुडवलंस. तिचं उत्तर आलं ते वाचून मला राग आला, मग राग गेला. एक ओळ "आजी, तू खडकावर कशाला गेलीस" एवढी. बाकी सगळे प्रश्न. गोड्या पाण्यात किती वेळ होता? बुळबुळ कधी सुटली, तू हात लावायच्या आधी की नंतर? पांढरा कडेकडून झाला की मधून? जी बाजू शेवटपर्यंत राहिली ती उजेडाकडची की भिंतीकडची? आणि तो पांढरा दगड टाकू नकोस, धुऊन सुकव, मला हवाय, जिता होता तेव्हा दिसत नव्हतं ते आता त्याच्यावर दिसेल. पैजेचं एक अक्षर नाही. लग्नाचं नाही. तुझं नाही. मी दोनदा वाचलं, मागची बाजू पण बघितली.

सत्यवान, तेव्हा मला कळलं. आपण दोघं त्या दगडावरून भांडत होतो. ती दगड शिकत होती.

आता ऐक. दोन पत्रांत मी तुला शब्द शब्द म्हणून धारेवर धरलं. आता तोच शब्द माझ्यावर आलाय. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तू कोल्हापुरास उतरायचं आणि मी गप्प बसायचं. मी पैज हरले. यशोदा नाही, विमला नाही, मी. हरले हे चार माणसांत म्हणेन, तू म्हणशील त्या पडवीत.

पण पोर देणार नाही.

मी शब्द मोडते. उघड मोडते, थट्टेत बोललो असं म्हणून नाही. पडवीत बसून तू पोरीचं आयुष्य एका धोंड्याला बांधलंस, आणि मी, शहाणी, ती गाठ सोडवायची सोडून तीच घट्ट करत बसले. का, तर तुला हरवायचं होतं. तो शब्द तुझा आणि माझा. तिने फक्त "नक्की?" म्हणून विचारलं होतं. दोन म्हाताऱ्या बैलांनी शर्यत लावावी आणि पडलेल्या बैलाने शेत द्यावं, ते शेत काय त्याचं आहे?

शेवंतीला कळवलंय, तू उतरलास तर चहा देईल, जेवायला वाढेल, विमलाला हाक मारणार नाही. ती नर्स आहे, तुझ्यापेक्षा मोठ्या आवाजाचे लोक तिने सुई टोचून गप्प केलेत. गिरणीवाल्यांना मी स्वतः लिहिलं, तीन ओळी. बापाने उत्तर दिलं, बाळा पोस्टमनने वाचून मग मला दिलं: "आजी, आमची गिरणी आमच्या मुलीने सांभाळली असती तर बरं झालं असतं, असं मला हल्ली वाटतं. मुलाचं दुसरीकडे बघतो." न बोलणारा माणूस. लिहितो बरं.

तू गणपतीला ये. रागावलेला ये, पण ये. मूर्ती तुझ्याच हाताने बसायची. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मी काही मरत नाही.

एक गोष्ट मात्र तू करायचीस. हे पत्र सुशीलेच्या हातात दे. तिला वाचून दाखवू नकोस, ती सातवी पास आहे, माझ्यापेक्षा चार इयत्ता पुढे. विमला तिच्या पोटची आहे, आणि ह्या सगळ्या दिवसांत मी तुला लिहिलं, तू मला लिहिलंस, गिरणीवाला लिहिता झाला, बाळाने सगळ्यांचं वाचलं. तिला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी सासू आहे, विचारायची सवय नाही. आता विचारते: सुशीले, तुझं चेडू कोल्हापुरात राहू दे की नको? तू नको म्हणालीस तर मी तुझ्याशी भांडेन, पण तुझ्याशी भांडेन. नवऱ्याच्या आडून नाही.

हरलेली आणि शब्द मोडून बसलेली,
तुझी आई
सुभद्रा

ह्या पत्राला तू उत्तर लिहायचं नाहीस, सत्यवान. सुशीलेने लिहायचं, तिच्या अक्षरात. पाकीट तिनेच चिकटवायचं.